नाटक मंडळीचं प्रदर्शन मांडतोय, पण नुसत्या फोटोंच्या रांगा नकोत

खासबागकर

राम राम मंडळी.

पेठेतले आम्ही सात-आठ जण दिवाळीनंतर एक छोटं प्रदर्शन मांडतोय. विषय: कोल्हापूरच्या संगीत नाटक मंडळ्या आणि त्यांची रंगमंचावरची कारागिरी. जागा तालमीच्या वरचा हॉल. (बाहेरगावच्यांसाठी: ही तालीम कुस्तीची, नाटकाची नव्हे. खाली पोरं दंड मारणार, वर आम्ही 'सौभद्र' सांगणार.)

पहिल्या बैठकीत यादी झाली. संगीतसूर्य केशवराव भोसले यांचा फोटो, बालगंधर्वांचा फोटो, गोविंदराव टेंब्यांचा फोटो, मधोमध शाहू महाराज, प्रत्येकाखाली जन्म आणि मृत्यूचं साल. मी म्हटलं, एवढं तर शाळेच्या भिंतीवरही असतं, त्यासाठी माणूस जिना कशाला चढेल? त्यावरून वाद झाला, चहा गार झाला, बैठक मोडली.

माझं म्हणणं असं. कंपनी म्हणजे गाणारे दोन-तीन जण नव्हेत. पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारा, बत्त्यांना पंप मारणारा, नकला उतरून देणारा, आचारी अशी सगळी मिळून कंपनी. माझे पणजोबा पडद्यावर होते. म्हणजे पडद्याच्या दोरावर. घरात त्यांचा एकही फोटो नाही. माळ्यावर एक गुंडाळलेला पडदा मात्र आहे. एक लहान कंपनी बुडाली तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात हा पडदा मिळाला, असं आजी सांगायची. पणजी म्हणे महिनाभर बोलली नाही त्यांच्याशी. पडदा शिजवून खायचा का, म्हणाली.

पडदा रस्त्याचा आहे. दोन्ही बाजूंना माड्या, लांब एक देऊळ. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेला, खाली लाकडी रूळ. घरात असं ऐकत आलोय की तो बाबूराव पेंटरांच्या हातचा आहे.

तर मंडळी, काय काय मांडावं, कसं मांडावं, सुचवा. आणि कुणाच्या माळ्यावर काही असेल तर सांगा.

तांबडापांढरा

पणजीला माझा नमस्कार. प्रदर्शनात तिचं वाक्य मोठ्या अक्षरात लावा, बाकी काही नसलं तरी चालतंय.

पुरावादाखवा

खासबागकर, राग मानू नका, पण कोल्हापुरात दर तिसऱ्या घरात बाबूराव पेंटरांचा पडदा असतो आणि दर चौथ्या घरात त्यांनी स्वतः दिलेला ब्रश.

आनंदराव आणि बाबूराव या मिस्त्री बंधूंनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले हे खरंच आहे. त्याच कामावर त्यांचं नाव झालं आणि 'पेंटर' हेच आडनाव होऊन बसलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूराव पुढं सिनेमाकडं वळले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला 'सैरंध्री' आला. म्हणजे तुमचा पडदा त्यांचा असेल तर बहुतेक त्याआधीचा असायला हवा. पडद्यावर सही आहे का? मागच्या बाजूला कंपनीचा शिक्का? एखादी पावती? यातलं काही नसेल तर पाटीवर तसं लिहू नका. उद्या कुणी जाणकार आला तर एका खोट्या पाटीपायी बाकीच्या खऱ्या वस्तूंवरही संशय येईल.

खासबागकर

सही दिसत नाही. पण पूर्ण उलगडून कुणी बघितलाच नाही, माझ्या हयातीत तरी.

रंगरेषा

उलगडू नका! निदान घाईनं नको.

मी चित्रकला शिकवते, थोडंफार जतनाचं कामही केलंय. ते जुने पडदे तैलरंगात नसायचे. खडूची पूड, कोरडा रंग आणि सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) असं मिश्रण गरम करून लावायचे. तैलरंग महाग, जड, आणि बत्तीच्या उजेडात चकाकतो. सरसाचा रंग मॅट दिसतो, लवकर वाळतो, कापड हलकं राहतं. तोटा असा की पाण्याचा थेंब पडला की रंग उठतो आणि घट्ट गुंडाळला की पापुद्रे सुटतात. त्यात आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस.

म्हणून दोन दिवस कोरडी हवा बघा. हॉलमध्ये आधी स्वच्छ चादरी अंथरा. चौघांनी मिळून हळूहळू उलगडा, एक माणूस फक्त पापुद्र्यांवर लक्ष ठेवायला. फुंकर, फडकं, ओला बोळा यातलं काहीही नको. नंतर परत गुंडाळायचा तो जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून. सगळे हौसेनं रंग आत ठेवून गुंडाळतात, त्यामुळे रंग दाबला जाऊन सुटतो.

टांगायचा तर अजिबात नाही. रुळाच्या वजनानं जुनी शिवण उसवेल.

खासबागकर

ताई, टांगायचा नाही तर मग प्रदर्शन कशाचं? मला तर तो वर-खाली होताना दाखवायचाय.

सिव्हिलसत्या

भावा, मूळ पडदा आडवा ठेव काचेखाली, निम्मा उलगडून. वर-खाली करायला नवीन कर. मांजरपाट आणू, रंगरेषा ताईंची पोरं रंगवतील, मी कप्प्या बसवून देतो.

यंत्र सोपं आहे पण डोकं लावलेलं आहे. पडद्याची वरची कड पक्की बांधलेली. खालच्या कडेला रूळ. दोन्ही टोकांना दोर असा गुंडाळलेला की वर कप्पीवरून ओढला की रूळ फिरत फिरत वर चढतो आणि पडदा स्वतःभोवती गुंडाळला जातो. सोडला की धाडकन खाली. 'पडदा पडला' म्हणतात ते त्यावरूनच. दोन्ही दोर सारखे ओढले नाहीत तर रूळ तिरका होऊन अडकतो, आणि मग पुढं दुष्यंत उभा, मागं अर्धा राजवाडा आणि अर्धं जंगल.

परदेशातल्या ऑपेराच्या थिएटरात रंगमंचाच्या वर तेवढीच उंच मोकळी जागा असते, तिथं अख्खा पडदा सरळ वर खेचून घेतात, गुंडाळत नाहीत. आपल्या कंपन्या आज इथं, उद्या हुबळीला, परवा मांडवात. डोक्यावर जागा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून गुंडाळी. प्रवासाला निघताना तोच रूळ बैलगाडीत, नाहीतर रेल्वेच्या डब्यात.

लोकांना दोर ओढू द्या. दोन माणसं, दोन बाजूंना. तिरका झाला की कळेल पणजोबा काय करत होते.

तांबडापांढरा

+१. तालमीतली पोरं ओढतील तेव्हा कप्पी छतासकट येईल, तेवढं बघा.

निवृत्तपोस्टमास्तर

मी २०१७ च्या हिवाळ्यात लेकीकडे लंडनला होतो. तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ऑपेराचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, तिथल्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या सहकार्यानं. जावयानं तिकीट काढलं म्हणून गेलो, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्यांनी चारशे वर्षांचा इतिहास सांगायच्या फंदात न पडता सात शहरं आणि सात ऑपेरा निवडले होते. १६४२ चं व्हेनिस, १७११ चं लंडन, १७८६ चं व्हिएन्ना, असं करत १९३४ च्या लेनिनग्राडपर्यंत. प्रत्येक दालनात त्या शहराचा बाजार, राजकारण, कपडे. कानाला हेडफोन. आपण एका दालनातून दुसऱ्यात पाऊल टाकलं की कानातलं गाणं आपोआप बदलायचं. मोंतेवेर्दी, मोझार्ट, वेर्दी असं सगळं. नावं मी घरी येऊन वहीत लिहिली.

पण मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो ते लंडनच्या दालनात. जुन्या पद्धतीचा रंगमंच उभारलेला होता आणि त्यावर लाटा हलत होत्या, जहाज सरकत होतं. लाकडाच्या लाटा! माझ्या शेजारी एक लहान पोरगी होती, तिलाही तेवढंच बघायचं होतं. आम्ही दोघं बराच वेळ होतो तिथं.

तेव्हा खासबागकर, तुमचं बरोबर आहे. आणि एक सुचवतो. सगळ्या मंडळ्या घेऊ नका. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श आणि आणखी चार घेतल्या तर तीस फुटांत माहितीचं लोणचं होईल. एकच घ्या.

पायपेटी

पोस्टमास्तरकाकांचं वर्णन आवडलं, पण इथं लगेच 'आपला ऑपेरा' म्हणायची घाई नको. मागच्या एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत तसं छापलेलं बघून माझं डोकं उठलं होतं.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळींचा ऑपेरा पाहिला आणि त्यातून त्यांना 'शाकुंतल' सुचलं, ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ते रंगमंचावर आलं, इथपर्यंत ठीक. पण ऑपेरात बहुतेक सगळं गायलं जातं, वाद्यवृंद मोठा, समोर वादकांना ताल दाखवणारा छडीवाला, स्वर लिहिलेले. एक मात्रा इकडची तिकडे नाही. आपल्याकडे गद्य चालू असतं, मध्येच पद येतं, आणि ते पद किती वेळ चालेल हे लिहिणाऱ्याच्या हातात नाही. वन्समोर आला की परत. तो परतचा वेगळा. साथीला ऑर्गन, सारंगी, तबला. गंधर्व कंपनीत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, हे नुसतं वाचलं तरी अंगावर काटा येतो.

आणि आवाजाचं प्रदर्शन करणार कसं? ध्वनिमुद्रिकेची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांची. थिएटरात तेच पद कितीतरी वाढायचं. लोकांना मुद्रिका ऐकवून 'असं गायचे' म्हटलं तर ते खोटं. मी म्हणेन, एक कोपरा ठेवा, पायपेटी ठेवा, संध्याकाळी कुणीतरी बसून एक पद तीन वेळा म्हणा. तिन्ही वेळा वेगळं. पेटी मी आणते. भाता जरा फुसफुसतोय, पण चालेल.

खासबागकर

ताई, पेटीचं पक्कं धरतो.

एकच मंडळी घ्यायची तर मग ललितकलादर्श. केशवराव इथलेच. ९ ऑगस्ट १८९० चा जन्म. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत स्वतःची कंपनी काढली तेव्हा अठरासुद्धा पूर्ण नव्हते. पोरगा 'शारदे'ची भूमिका करत मोठा झाला आणि मालक झाला. आणि ३१ व्या वर्षी, ४ ऑक्टोबर १९२१ ला गेला. त्याआधी तीनच महिने, ८ जुलैला मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान'. हे धैर्यधर, ते भामिनी. टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एकाच रंगमंचावर. त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, तेही कोल्हापूरचेच. लोक आजही त्या रात्रीबद्दल अशा आवाजात बोलतात की जणू स्वतः पिटात बसले होते.

पुरावादाखवा

ललितकलादर्शला माझं अनुमोदन, पण वेगळ्या कारणासाठी. पडद्यांकडून सेटकडं कसं जाणं झालं हे त्या एका कंपनीतून दाखवता येतं.

आधीच्या नाटकांत 'रस्त्याचे प्रवेश' फार असतात. दोन नोकर येतात, विनोद करतात, कुणाचं तरी लग्न ठरल्याची बातमी देतात आणि जातात. शाळेत वाटायचं, हे कशाला घातलंय? तर रस्त्याचा पडदा सगळ्यात पुढं टाकायचा, त्याच्यासमोर हे दोघं बोलत राहणार आणि मागं तेवढ्या वेळात दरबार मांडून घ्यायचा. म्हणजे नाटककारानं लिहिलेला तो प्रवेश मागच्या माणसांना मिळालेला वेळ असायचा. खासबागकर, तुमच्याकडचा पडदा नेमका रस्त्याचाच आहे. बाबूरावांचा असो वा नसो, मला तो त्यासाठी मोलाचा वाटतो.

पुढं ललितकलादर्शनं मामा वरेरकरांची सामाजिक नाटकं घेतली. 'हाच मुलाचा बाप' १९१६, केशवराव गेल्यावर बापूराव पेंढारकरांच्या काळात 'सत्तेचे गुलाम' १९२२. दिवाणखान्यातलं नाटक रंगवलेल्या माडीपुढं शोभत नाही. तिथं पु. श्री. काळ्यांसारखा चित्रकार आला, खऱ्या दारांच्या, खऱ्या खिडक्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या. रस्त्याचे प्रवेश हळूहळू गेले. दोन नोकरही गेले बिचारे.

मिरजेचीमाई

पोरांनो, कपडेपट विसरलात. बायकांची कामं पुरुष करायचे, तर लुगडं नेसवणारा, अंबाडा बांधणारा माणूस केवढा महत्त्वाचा!

माझ्या सासऱ्यांच्या मामांची रंगाची पेटी आमच्याकडे होती. सफेदा, हिंगूळ, मुरदाडशिंग, काजळ, लहानसा आरसा, आणि आरशाच्या मागं दत्ताचं चित्र. मुरदाडशिंग म्हणजे शिसं, हिंगूळ म्हणजे पारा. रोज तोंडाला फासायचे आणि रात्री खोबरेल तेलानं काढायचे. काय झालं असेल त्यांच्या कातडीचं, देव जाणे. पेटी मिळाली तर काचेत ठेवा, लेकरांना हात लावू देऊ नका.

'होती' म्हणते कारण वीस वर्षांपूर्वी एका संस्थेनं प्रदर्शनासाठी नेली. परत आली ती रिकामी. आरसासुद्धा नाही. पावती मागायची असते हे तेव्हा आम्हाला कुठलं सुचायला? तेव्हा खासबागकर, ज्याची वस्तू घ्याल त्याला लिहून द्या. काय घेतलं, कशा अवस्थेत होतं, कधी परत. फोटो काढून.

खासबागकर

माई, लिहून ठेवलं. पावती पुस्तक छापूनच घेतो. रिकामी पेटी अजून आहे का?

मिरजेचीमाई

आहे. हळद-कुंकू ठेवते त्यात.

खासबागकर

मग ती तशीच द्याल का? हळद-कुंकवासकट. पाटी तुम्हीच सांगा, मी लिहितो.

सिव्हिलसत्या

बत्त्यांचं कोण बघतंय? किटसनची एक बत्ती ओळखीच्या मांडववाल्याकडं पडलीय. रॉकेल दाबानं वर चढतं, वाफ होते, जाळीवर जळते. लख्ख उजेड आणि सतत सुंसुं आवाज. त्या आवाजावरून गायचं होतं त्यांना, माइक नव्हता. चालू करून दाखवायची माझी लय इच्छा आहे.

रंगरेषा

हॉलमध्ये? मांजरपाट, लाकूड, सुकलेला सरस आणि रॉकेलची बत्ती? नाही. साफ नाही.

निवृत्तपोस्टमास्तर

रंगरेषाताईंना माझा पाठिंबा. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आपण सगळ्यांनी बघितलीय. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि त्यांच्या नावाचं नाट्यगृह समोर जळत होतं. मी खासबाग मैदानाच्या बाजूला उभा होतो. माझ्या शेजारचा रिक्षावाला रडत होता. त्यानं आयुष्यात तिथं किती नाटकं बघितली असतील कुणास ठाऊक, पण रडत होता.

शाहू महाराजांनी ते नाट्यगृह, तेव्हाचं पॅलेस थिएटर, १९१३ ला बांधायला घेतलं, १९१५ ला पुरं झालं. योगायोग बघा, मिलानच्या ला स्काला या जगप्रसिद्ध ऑपेरा थिएटरचं संग्रहालय उघडलं तेही १९१३ लाच. त्यांनी तेव्हापासून वस्तू जपल्या. आपल्याकडं थिएटर होतं, वस्तू मात्र माळ्यांवर गेल्या. एका अर्थी त्यामुळेच वाचल्या.

सिव्हिलसत्या

बरं. बत्ती विझलेली ठेवू. सुंसुं आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून लावतो, बाहेर मैदानात पेटवून.

पायपेटी

आणि त्या आवाजावर गाऊन बघायचं! एक पद बत्तीच्या आवाजासकट, एक त्याच्याशिवाय. हे मला आवडलं. मी पट्टी किती वर घ्यावी लागते ते बघते.

तांबडापांढरा

एक प्रश्न. कंपनीतली आचाऱ्याची बाजू कोण मांडणार? खर्ड्याची भाकरी ठेवली तर गर्दीची हमी माझी.

खासबागकर

मंडळी, काल पडदा उलगडला. रंगरेषा ताई आणि त्यांचे तीन विद्यार्थी, सत्या, मी. पुरावादाखवा पण आले होते, पहिल्यांदाच तोंड बघितलं त्यांचं. चांगला माणूस आहे, स्वतःचा भिंग घेऊन आला.

रुंदी २२ फूट, उंची १४. डाव्या माडीचा रंग बराच गेलाय. उजवीकडची माडी, देऊळ, मधला रस्ता शाबूत. ताईंनी एक गोष्ट दाखवली: सगळ्या सावल्या वरच्या बाजूला पडलेल्या आहेत. छज्ज्याची सावली छज्ज्याच्या वर. आम्हाला वाटलं चुकलंय. त्या म्हणाल्या, रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली दिवे असायचे, उजेड खालून वर यायचा, म्हणून रंगवणाऱ्यानं सावली तशी घेतलीय. मोबाईलची बॅटरी जमिनीवर ठेवून मारली आणि, काय सांगू, तो रस्ता एकदम खोल गेला. देऊळ पार लांब. आम्ही सगळे गप्प.

सही नाही. शिक्का नाही. पाटीवर बाबूरावांचं नाव लिहीत नाही. 'रंगवणाऱ्याचं नाव नोंदलेलं नाही' असं लिहितोय.

मागच्या बाजूला मात्र, डाव्या कडेला, हाताला येईल एवढ्या उंचीवर, कापड काळं पडलंय. पंजाएवढं. वर्षानुवर्षं कुणीतरी तिथं हात ठेवून विंगेतून बाहेर डोकावत असणार. तिथं भोकही आहे, बोट जाईल एवढं. सत्या म्हणाला उंदरानं कुरतडलंय. पुरावादाखवांनी भिंगातून बघून सांगितलं, कडा शिवलेल्या आहेत.

पुरावादाखवा

शिवलेल्याच आहेत. काजं करतात तशा. थिएटर किती भरलं ते बघायचं भोक.

मिरजेचीमाई

पणजोबांनीच शिवलं असेल. पाटीवर लिहू नका, पण मला वाटतंय.

सिव्हिलसत्या

नवीन पडद्याला पण तसंच भोक ठेवू. कप्प्या आणल्या. दोर कुठला घेऊ? नायलॉन स्वस्त पडतोय.

खासबागकर

नायलॉन नको, तळहात सोलतो. सुती घे, अंगठ्याएवढा जाड. लक्ष्मीपुरीत मिळेल. दोन्ही बाजूंना सारखा माप, तिरका झाला तर पहिल्यांदा तुलाच ओढायला लावणार.